अमोनियाचा वास

वर्ध्याच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. त्या ऑगस्टमध्ये आमच्या प्रयोगशाळेत गॅडोलिनियम नायट्राइडच्या तीन बाटल्या होत्या. माझ्याकडे पीएचडी करणाऱ्या, वडनेरच्या मुलीने ती काळी पूड वर्षभर खपून तयार केली होती. खूप थंड केली की ती लोहचुंबकासारखी वागते. चुंबकी मेमरीसाठी तिच्यावर बऱ्याच ठिकाणी काम चालू आहे. पण दमट हवा तिची वैरीण. पाण्याचा अंश लागला की तिच्यातला नायट्रोजन अमोनिया होऊन उडून जातो, मागे पांढरा हायड्रॉक्साइड उरतो. म्हणून बाटल्या आर्गॉन वायू भरलेल्या बंद काचपेटीत ठेवायच्या आणि पेटीला बसवलेल्या रबरी हातमोज्यांतूनच हाताळायच्या.

दुपारी सेलूहून येणारे आमचे प्रयोगशाळेतले काका दारातच थबकले.

"मॅडम, हा युरियासारखा वास काऊन येऊन राह्यला?"

मी पेटीकडे पाहिलं. एरवी बाहेर फुगलेले मोजे लुळे पडले होते. पेटीला जोडलेल्या आर्गॉनच्या सिलिंडरचा काटा शून्याला टेकायला आला होता. उजव्या मोज्याला अनामिकेजवळ बारीक चीर होती. सकाळी घाईत मी अंगठी न काढताच हात घातला होता.

चिरेवर टेप लावली, तरी थोडी गळती राहिलीच. "नवा सिलिंडर नागपूरहून उद्या येईल," मी म्हणाले, "आणि हा तासभरही पुरणार नाही."

"सिंदी मेघेत स्टीलच्या टाक्या वेल्डिंग करतेत, त्यायच्याजवळ आर्गॉन राह्यते. मी घेऊन येतो."

तो वायू आमच्याइतका शुद्ध नसतो, पण बाहेरच्या हवेपेक्षा बराच.

काका गेले. मी त्या वडनेरच्या मुलीला बोलावून सगळं सांगितलं, अंगठीसुद्धा. ती स्टूल ओढून पेटीसमोर बसली आणि बाटल्यांकडे बघत राहिली. पेटी उघडता येत नव्हती. उघडली तर सगळंच गेलं असतं. काटा शून्यावर आला तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला.

मग खाली ऑटो थांबला. काकांनी आणि ऑटोवाल्याने सिलिंडर वर चढवला. नळी जोडली, आणि मोजे हळूहळू फुगले.

दुसऱ्या दिवशी मोजा बदलून बघितलं. दोन बाटल्या काळ्याच होत्या. सैल झाकणाची तिसरी राखेसारखी झाली होती.

"तीच सगळ्यात शुद्ध होती, मॅडम," ती म्हणाली.

नागपूरला दोन्ही नमुन्यांची चुंबकी चाचणी नीट झाली. तिसरी पूड मात्र तिला पुन्हा करावी लागली. हिवाळाभर ती भट्टीपाशी बसली. मीही बसले.