आईला ऐकू येतील असे आवाज

चहाचा कप हातात आला की तो आधी कपाच्या कडेवर टिचकी मारायचा. हेडफोन एकाच कानावर लावायचा. दुसरा कान घरासाठी मोकळा. जिना उतरताना कठड्यावर बोटं वाजवायचा. एखाद्या वाद्याचा आवाज पटला नाही तर म्हणायचा, "याला सर्दी झालीये." आम्ही मित्रमंडळी त्याला कानसेन म्हणायचो.

फोन होल्डवर ठेवला की जे वाजतं, ते तो कंप्युटरवर तयार करायचा. "वैतागलेल्या माणसांचा संगीतकार आहे मी," म्हणायचा. "टाळ्या नाहीत, नुसत्या शिव्या."

गेल्या वर्षी काकूंचे, म्हणजे त्याच्या आईचे, कान जायला लागले. डॉक्टर म्हणाले, वरचे सूर आधी जातील, मग खालचे. कानसेनने ठरवलं, सगळं जायच्या आत आईसाठी एक रचना करायची. तिला पूर्ण ऐकू येईल अशी.

सगळ्या ओळी तो आधी साध्या पियानोत लिहायचा. मग एकेका ओळीला वाद्य निवडायचा. कंप्युटरमध्ये शेकडो आवाज. तो एकेक लावायचा, काकू शेजारच्या स्टुलावर शेंगा सोलत बसायच्या. व्हायोलिन? छान. बासरी? छान. घंटा? फारच छान.

एकदा मी तिथे असताना त्याने आवाज पूर्ण बंद केला. पडद्यावर नुसती रेघ सरकत राहिली.

"हे कसंय, आई?"

"गोड आहे रे."

तो त्यांच्याकडे वळला. मग त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला, "खोटारडी."

त्यांना कळलं. "एवढा जीव ओततोस. नाही कसं म्हणू?"

"आता छान म्हणायला बंदी. ऐकू आलं ते गुणगुणून दाखवायचं."

"माझा गळा ऐकून शेजारी घर सोडतील."

"सोडू देत. शांतता मिळेल."

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. व्हायोलिन गेलं. बासरी गेली. व्हायोलिनचा खर्जातला थोरला भाऊ, चेलो, राहिला. बासून नावाचं जाड आवाजाचं, फुंकून वाजवायचं वाद्य लावलं, तर काकू म्हणाल्या, "हा खोकणारा म्हातारा कोण?" ऐकू आला म्हणून म्हातारा राहिला.

मुख्य चाल तेवढी उरली. ती त्याने फार उंच पट्टीत लिहिली होती. खाली आणली की तिचा जीव गुदमरतो, म्हणायचा. "शनिवारी बसू, काहीतरी सापडेल," असं काकूंना म्हणाला.

गुरुवारी सकाळी तो दूध आणायला गेला. दुकानासमोर ट्रकने उडवलं.

काही दिवसांनी काकूंनी मला बोलावलं. "तेवढी राहिलेली ओळ लावून दे गं. तू शिकलेली आहेस."

मी साहित्य शिकले आहे. ते सांगितलं नाही. त्याच्या खुर्चीत बसले आणि रचना सुरू केली.

चेलो आला. काकू गुणगुणल्या. म्हातारा आला. त्याच्याबरोबरही गुणगुणल्या. मग मुख्य चाल सुरू झाली आणि त्या थांबल्या. माझ्या तोंडाकडे बघू लागल्या.

"आली का गं ती?"

मी हो म्हणून मान हलवली.

वाद्यांची नावं उघडली. खाली-वर करत बसले. यातलं कुठलं त्याला चाललं असतं? चाल किती खाली आणली असती त्याने? मला माहीत नाही. मी काहीच बदललं नाही.

ती ओळ अजून पियानोतच आहे. उंच.