भोईवाड्याची चाकूवाली मालन

मालन राऊळ आणि मी भोईवाड्याच्या एकाच चाळीत, एकाच मजल्यावर राहतो. मध्ये फक्त दोन दारं. शाळेत एका बाकावर बसायचो, त्यामुळे तिच्याबद्दल मी बोलले तर ती काही म्हणणार नाही. तिला कोणी "काय करता?" विचारलं की ती सरळ सांगते, "खिशात ठेवायचे जुने चाकू दुरुस्त करते." समोरचा हसतो. बाईमाणूस, एकसष्ट वर्षांची, डोळ्यांवर एकावर एक दोन चष्मे, आणि चाकू! मालन त्याचं हसणं संपेपर्यंत थांबते आणि मग विचारते, "तुमच्याकडे आहे का एखादा? न उघडणारा?" पुष्कळांकडे असतो. आजोबांचा, नाहीतर वडिलांचा, कुठल्यातरी ट्रंकेच्या तळाशी पडलेला.

धारेचं काम तिच्या हातात आलं ते वडिलांकडून. गुणाजीकाका मिलमध्ये फिटर होते. ब्याऐंशीच्या संपानंतर त्यांची मिल काही पुन्हा नीट उभी राहिली नाही, तेव्हा काकांनी घरातच धारेचं चाक बसवलं आणि परळच्या दवाखान्यांतून कात्र्या आणायला सुरुवात केली. मालन तेव्हा अठराची. चाक फिरवायचं काम तिचं. वर्षभरात काका चाक फिरवायला लागले आणि धार ती लावायला लागली. "बाबांची नजर अधू झालेली ना," असं ती सांगते. काकांची नजर चांगली होती, ते गॅलरीतून खालच्या माणसाच्या हातातला पेपर वाचायचे. पोरीचा हात आपल्यापेक्षा बरा आहे हे त्यांना कळलं होतं, इतकंच. काका गेल्यावर पंचवीस वर्षं तिने एकटीने तेच काम केलं. पुढे कंपन्यांची माणसं गाडी घेऊन दवाखान्यांच्या दारात यायला लागली, आणि मालनचं चाक थांबलं.

पहिला चाकू तिला दारूखान्यात सापडला. रे रोड स्टेशनच्या पलीकडे मोडलेल्या जहाजांचं सामान विकतात तिथे. ती गेली होती स्वयंपाकघराच्या कडीसाठी पितळेची पट्टी शोधायला. नट-बोल्टांच्या ढिगात तिला गंजाचा एक लांबट गोळा दिसला. दुकानदार म्हणाला, "लोखंड आहे मावशी, काही नाही." मालनने तो हातात घेऊन वजन बघितलं आणि म्हणाली, "लोखंड नाही, चाकू आहे. खलाशाचा."

घरी आणून तिने तो मशीनच्या तेलात बुडवून ठेवला. रोज सकाळी बाहेर काढायचा, जुन्या ब्रशने घासायचा, पुन्हा तेलात. मी गंमत म्हणून विचारायचे, "झाला का गं तुझा मुरांबा?" दहाव्या दिवशी तिने मला हाक मारली. अंगठ्याचं नख पात्यावरच्या खाचेत घातलं आणि ओढलं. पातं थोडं कुरकुरलं, मग सरळ वर आलं आणि टक् करून बसलं. मालनचा चेहरा मी साठ वर्षं बघतेय, पण तसा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"देविका," ती म्हणाली, "आतली कमानी, पातं धरून ठेवणारी स्प्रिंग, अजून जिवंत आहे बघ."

तेव्हापासून ती शुक्रवारी चोर बाजार आणि आठवड्यात मध्येच एखाद्या दिवशी दारूखाना फिरायला लागली. फणसाच्या झाडावर कलम करायचा वाकडा चाकू, शिंगाच्या मुठीचा जाडजूड चाकू, टपालाची पाकिटं फोडायचा बोटभर चाकू. सहा वर्षांत बिस्किटांचे चार डबे भरले. बातमी पसरली आणि लोक आपले चाकू घेऊन दाराशी यायला लागले.

तिच्या हातून एक चूक झाली, ती सांगितली पाहिजे, कारण ती स्वतःच सगळ्यांना सांगते. खालच्या मजल्यावरचे चिंतामणी तावडे त्यांच्या दादाचा चाकू घेऊन आले. दादा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. तीस वर्षं त्यांनी त्या चाकूने सुताचे गुंते कापले होते. पातं मधोमध झिजून आत गेलेलं, बीजेच्या चंद्रासारखं. मालनने मन लावून काम केलं. गंज गेला, झीजही गेली. पातं घासून सरळ केलं, आरशासारखं चकचकीत. चिंतामणीकाकांनी चाकू उघडला, उलटसुलट करून बघितला आणि पात्यावर जिथे झीज होती तिथे अंगठा फिरवला.

"मालन," ते हळूच म्हणाले, "हो आमच्या दादाचो नाय गो."

रागावले नाहीत. चाकू खिशात घातला, चहा घेतला आणि गेले. मालनने मात्र दोन दिवस चाकूंच्या डब्यांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी ती खाली गेली आणि काकांच्या समोर उभी राहून म्हणाली, "काका, मी दादांचा हात पुसून टाकला. परत आणता येणार नाही. चूक माझी." काकांनी तिला बसायला सांगितलं आणि दादांच्या गोष्टी सांगत बसले. वर येऊन तिने मला आपला नियम सांगितला, "गंज काढायचा. वापर काढायचा नाही." त्यानंतर कोणी चाकू आणला की ती आधी विचारते, कोणाचा होता, काय कापायचे, डावखुरे होते का. मगच कानस हातात घेते.

गेल्या वर्षी गिरगावातून उर्मिला धैर्यवान यांचा फोन आला. वय ब्याऐंशी, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. ठाकूरद्वारला त्यांच्या घराण्याच्या चार पिढ्या झालेल्या. त्यांच्या वडिलांचा चाकू होता. बोटाएवढा, दोन पात्यांचा, मूठ शिंपल्याची. शिंपल्याला एक तडा गेलेला आणि आतली कमानी मोडलेली, त्यामुळे पाती लुळी पडली होती. चाकू घेऊन त्यांचा मुलगा सिद्धार्थ आला. तो आर्किटेक्ट.

"आईचे वडील कचेरीत जायच्या आधी सगळ्या भावंडांच्या पेन्सिली ह्याने तासायचे, असं ती सांगते," तो म्हणाला. "तुम्ही तो अगदी नवा करा. शिंपला बदला. काचेच्या पेटीत ठेवायचाय."

"आईंना पेटीत हवाय?" मालनने विचारलं.

"आईला विचारलं नाही," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

मालनने लगेच उर्मिलाताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "पेटी कसली? मला शब्दकोडी सोडवायला पेन्सिल लागते. ती मला त्या चाकूने तासायची आहे."

कमानी बाजारात मिळत नाही, करावी लागते. मालनने बाबांची एक झिजलेली कानस काढली, तापवून मऊ केली, कापली, आणि घासून घासून काडेपेटीतल्या काडीपेक्षा थोडी जाड पट्टी केली. मग ती लाल करून तेलात विझवायची आणि पुन्हा मंद आचेवर धरायची. लोखंडावर रंग चढत जातात. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. निळा आला की त्या क्षणी उचलायचं. पहिली कमानी तिने लवकर उचलली, ती काचेसारखी तुटली. दुसरी उशिरा उचलली, ती वाकली ती वाकलीच. एकेका कमानीला चार-चार दिवस. तिसऱ्या वेळी तिने मला दारापाशी बसवलं.

"तू बोलू नकोस. फक्त दारावर कोणी आलं तर थांबव."

दारावर कोणी आलं नाही. पट्टी निळी झाली, मोराच्या मानेसारखी, आणि तिने ती उचलली. चाकूत बसवली. पातं टक् करून उघडलं आणि टक् करून मिटलं.

चाकू द्यायला आम्ही दोघी टॅक्सीने निघालो. सिद्धार्थने म्हटलं होतं की बिल्डिंगमधल्या लोकांनाही बाकीचे चाकू बघायचेत, म्हणून मालनने पिशवीत आणखी सोळा घेतले. काही तिचे, काही दुरुस्तीला आलेले. प्रत्येकाला जुन्या साडीच्या कापडाची थैली, थैलीला नावाची आणि फोन नंबरची चिठ्ठी. निवडणुकीचे दिवस होते. लालबागच्या पुढे नाकाबंदी. एका हवालदाराने पिशवीत हात घातला, एक थैली उघडली, दुसरी उघडली आणि साहेबांना हाक मारली.

साहेब तरुण होते, छातीवर नाव हितेंद्र सुर्वे. "मावशी, सतरा चाकू? कुठे निघालात?"

"गिरगावात. लोकांना दाखवायला."

"धार आहे ह्यांना?"

"आहे ना. मी लावलीय," मालन म्हणाली. मी तिला कोपर मारलं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आम्हाला चौकीत बसवलं. मी सारखी दाराकडे बघत होते. मालन बाकावर अशी बसली होती, जणू रेशनच्या रांगेत नंबर यायचाय. साहेबांनी थैल्या टेबलावर मांडल्या.

"हे तुमचेच कशावरून? चोरीचे नाहीत कशावरून?"

"माझे सात. बाकीचे लोकांचे. चिठ्ठीवर नंबर आहेत, साहेब. तुम्हाला हवा तो उचला, फोन लावा. चाकू कसा आहे ते त्यांनाच विचारा, मी बोलणार नाही."

साहेबांनी मधली एक थैली उचलली आणि स्पीकरवर फोन लावला. दादरचे कोणी म्हातारे गृहस्थ होते. पोलिस म्हटल्यावर आधी दचकले, मग म्हणाले, "शिंगाची मूठ, टोक मोडलेलं. मोडलेलंच ठेवायला सांगितलंय हो. आमच्या हिने त्याने नारळ फोडायचा प्रयत्न केला होता." हवालदार हसला. दुसरा फोन कॉटन ग्रीनला. तिथल्या बाईने पितळेच्या पट्टीवरचे तीन ओरखडेसुद्धा सांगितले आणि वर म्हणाल्या, "बाईंना म्हणावं, घाई नाही." तिसरा फोन साहेबांनी लावला नाही.

"मावशी, तुमचं खरं आहे," ते म्हणाले. "पण एवढे एकदम घेऊन फिरू नका, तेही ह्या दिवसांत. आणि दुरुस्तीचं काम करता असं लिहिलेलं काहीतरी जवळ ठेवा. तुम्हाला उगाच त्रास, आम्हालाही."

"बरोबर बोललात," मालन म्हणाली. "ते माझ्याकडून राहिलं." नोंद झाली, सही झाली. टॅक्सी केव्हाच निघून गेली होती. आम्ही दुसरी केली.

ठाकूरद्वारला पोचलो तेव्हा उर्मिलाताई खुर्चीत वाट बघत होत्या. सिद्धार्थने आधी चाकू हातात घेतला. "तडा तसाच आहे?" त्याचा चेहरा पडला. "नवीन शिंपला बसवता आला असता."

"आला असता," मालन म्हणाली. "पण मग तो दुसरा चाकू झाला असता. तडा पुढे जाणार नाही, आतून भरलाय."

"इकडे आण," उर्मिलाताई म्हणाल्या. त्यांनी तड्यावरून बोट फिरवलं. "हा माझ्यामुळे गेला. सहा वर्षांची होते, गॅलरीतून टाकला होता मी." मग त्यांनी पात्याच्या खाचेत नख घातलं आणि ओढलं. पातं हललं नाही. पुन्हा ओढलं. बोटांची पेरं सुजलेली, नख वाकत होतं. सिद्धार्थ म्हणाला, "आई, मी उघडून देतो."

"तू उघडून द्यायचा, तर तूच तास पेन्सिली," त्या म्हणाल्या आणि चाकू मांडीवर ठेवला. हसायचा प्रयत्न केला त्यांनी, पण जमलं नाही.

मालन उठून त्यांच्याजवळ गेली आणि जमिनीवर बसली. "ताई, हात दाखवा." तिने त्यांचा अंगठा हातात घेतला, दाबून बघितला, वाकवून बघितला. डॉक्टरने बघावा तसा. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी कमानी तुमच्या वडिलांच्या हाताची केली. तुमच्या हाताची करायला पाहिजे होती. आठ दिवस द्या."

"म्हणजे पुन्हा सगळं उघडणार?" सिद्धार्थने विचारलं.

"उघडणार. त्याशिवाय कसं होईल?"

परतीच्या वाटेवर मी तिला म्हटलं, "तुझा नियम मोडला की गं. जसं होतं तसं ठेवायचं म्हणतेस ना?"

"नियम गेलेल्या माणसाच्या वस्तूचा," ती म्हणाली. "आता ती वस्तू ताईंची आहे. त्यांचा वापर अजून व्हायचाय."

त्या आठ दिवसांत तिने कमानी केसाएवढी केसाएवढी बारीक केली. दरवेळी चाकू जुळवायचा आणि मला उघडायला द्यायचा, तेही उजव्या हाताच्या अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळून, म्हणजे माझं बोटही ताठ राहील. "उघडतोय?" "हो." "आपोआप तर मिटत नाही ना?" "नाही." कमानी फार सैल झाली तर पातं बोटावर मिटेल, फार घट्ट राहिली तर उघडणार नाही. पात्यावरची नखाची खाचही तिने किंचित खोल केली. शेवटच्या दिवशी पातं हलक्या हाताने वर आलं आणि जागेवर ठाम बसलं.

या वेळी पिशवीत एकच चाकू होता. उर्मिलाताईंनी तो घेतला, खाचेत नख घातलं आणि ओढलं. पातं उघडलं. त्यांनी ते मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. मग टेबलावरची पेन्सिल घेतली आणि तासायला लागल्या. हात सावकाश चालत होता, पण पातं लाकडात सरळ जात होतं. पहिली साल जाड निघाली, दुसरी पातळ, तिसरी लांब आणि गोल. त्यांनी टोक बोटाच्या पेरावर टेकवून बघितलं.

"बाबा अजून टोकदार करायचे," त्या म्हणाल्या.

"त्यांचा हात तरुण होता," मालन म्हणाली. "तुम्ही रोज करा, येईल."

सिद्धार्थ कपाटाला टेकून उभा होता. तो आत गेला आणि कुठून तरी तीन बोथट पेन्सिली घेऊन आला. आईच्या पुढ्यात ठेवल्या. उर्मिलाताईंनी त्याही तासल्या, एकेक करून, कोणाचीही मदत न घेता. मग आम्हाला कोलंबीचं भानोळं, कोबी आणि बेसन घालून भाजलेलं, खायला घातलं, आणि मालनने दोनदा मागून घेतलं.