बोनेटवरचे दोन हात

कापराचा वास आला की मला घमापूरच्या गल्लीत उभी असलेली आमची जुनी गाडी आठवते. शोरूमवाल्यानं तिचं मीटर पाहून तोंड वाकडं केलं, "बहुत चली है, भैया," आणि नव्या गाडीच्या बदल्यात तिची नावापुरती किंमत लावली. बाबा तरी तयार होते. अनोळखी माणसाला विकून पुढे कटकट नको, म्हणायचे. "काहून घाई करून राहिले तुम्ही? कोणाला दाखवून तर पाहा," आई म्हणाली. मग जवळच्या कुंडम गावाहून एक माणूस आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन गाडी पाहायला आला. बाबांनी खरं ते सांगितलं, दोन लाख किलोमीटर झालेत. म्हातारीनं चपला काढल्या आणि बोनेटवर दोन्ही हात ठेवले. "इत्ती चली! और हर बार सबको घर ले आई?" बाबांनी मान हलवली. सौदा झाल्यावर पूजा करायची म्हणून आणलेला कापूर तिनं तिथंच चाकापुढे पेटवला. किमतीचं तर अजून बोलणंही झालं नव्हतं. तिच्या मागे उभ्या बाबांनी हळूच आपल्याही चपला काढल्या. शोरूमचा विषय परत निघाला नाही. आज माझ्या गाडीनं लाखाचा आकडा ओलांडला. ऑफिसच्या पार्किंगमध्ये आसपास कोणी नाही असं पाहून मी बोनेटवर दोन्ही हात ठेवले. ते अजून गरम होतं.