अरुंद अक्षरं

पिंप्राळ्यात माझं छपाईचं दुकान आहे. गेलेल्या माणसाच्या गंधमुक्तीच्या पत्रिकेवर मी नावासाठी एकच टाइप वापरतो. ठळक, अरुंद, टोकांना बारीक पाय असलेली ती अक्षरं श्वास रोखून खेटून उभी असल्यासारखी दिसतात. गेलेल्याचं नाव दोन ओळींत तोडलेलं आमच्याकडे खपत नाही आणि या टाइपात कितीही लांब नाव एका ओळीत बसतं.

शेजारच्या आबांच्या पंचाहत्तरीच्या बॅनरवर त्यांचं लांबलचक नाव मावेना. मी मूर्खासारखा तोच टाइप लावला. बॅनरवर फुगे होते, आबांचा हसरा फोटो होता, 'हार्दिक शुभेच्छा' होत्या. तरी लोक चौकात स्कूटर थांबवून हात जोडायला लागले. मजकूर कुणी वाचतच नव्हतं.

दुपारी आबाच दुकानात आले. "भाऊ, बठ्ठा लोक माले हात जोडी राह्यनात."

"आबा, चुकलं माझं. आत्ता बदलून देतो."

"बदल. पन ती फाईल पुसू नको. नाव एक ओळमा बसनं."

आबा अजून ठणठणीत आहेत. रोज सकाळी दूध घेऊन परतताना दुकानात डोकावतात आणि हसून विचारतात, "फाईल शे ना?"