रेघ नाशिककडं गेली होती

"वादळ येणार का न्हाई, तेवढं सांग," आबा फोनवर म्हणाले.

आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून घोडनदीच्या काठी, इनामगावच्या शिवारात एकटेच राहतात. मी दौंडला असते आणि कुरकुंभच्या एका औषधांच्या कारखान्यात लॅबमध्ये नोकरी करते.

"येण्याची शक्यता आहे," मी म्हणाले.

"शक्यता तर रोजच असती."

समुद्रात वादळ तयार झालंय, ते कोकण किनाऱ्याकडे निघालंय, पुणे जिल्ह्यातही सोसाट्याचा वारा आणि मोठा पाऊस होऊ शकतो, एवढं मी मोबाइलवर वाचलं होतं. पण आबांना 'होऊ शकतो' हे उत्तर वाटतच नव्हतं. आधीच्या एका वादळाच्या वेळी मीच त्यांना सावध केलं होतं. त्यांनी गाय गोठ्यात बांधून ठेवली, दिवसभर घरात बसून राहिले, आणि साधी धूळसुद्धा उडाली नाही. ते वादळ समुद्रातच दुसरीकडे वळलं होतं. आबांच्या लेखी ते वळलं नव्हतं, खोटं ठरलं होतं.

"समुद्र कुठं आन् आपण कुठं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेले तर तिथंही तीच चर्चा. सकाळच्या मीटिंगमध्ये सांगितलं की जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट आहे, म्हणजे आत्ताच तयारीत राहायचं, बाहेरची पिंपं आत घ्या, सैल पत्रे बांधून टाका. मीटिंग सुटल्यावर माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "ऑरेंजच हाय ना? रेड झाला की बघू." जणू ऑरेंज म्हणजे अजून वेळ आहे. ओडिशाचा एक फिटर लॅबच्या दारात येऊन हसत हसत सांगत होता, "मॅडम, माँ का फोन आया। बोलती है, वहाँ तूफान है, घर आ जा।" वादळं त्याच्या आईच्या ओळखीची. आमच्यासारखी ती रंगाची वाट बघत बसली नव्हती.

कारखान्याच्या छपरावर नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची एक कापडी नळी लावलेली असते. गॅस गळलाच तर वारा कुठे वाहतोय ते बघून त्याला आडवं पळायचं, म्हणून. त्या दिवशी मी दर थोड्या वेळानं खिडकीशी जाऊन तिच्याकडे बघत होते. ती नेहमीसारखी, किंचित फुगून डुलत होती. मोबाइलवर नकाशा उघडत होते, बंद करत होते. नकाशात समुद्रातून एक रेघ निघून रायगडच्या किनाऱ्याला लागत होती आणि तिथून नाशिककडे जात होती. रेघेच्या दोन्ही अंगांना एक पांढरट पट्टा, पुढे पुढे रुंद होत गेलेला. वादळाचा मधला भाग त्या पट्ट्यातून कुठूनही जाऊ शकतो, आणि वारा तर पट्ट्याच्याही बाहेर लागतो, असं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. ते कोण वाचतंय? सगळ्यांची नजर रेघेवर.

दुपारनंतर मला बसवेना. रजा टाकली, मुलीला नवऱ्याच्या भरवशावर ठेवलं आणि भीमेचा पूल ओलांडून स्कूटरवरून गावाकडे निघाले. वाटेत आभाळ स्वच्छ होतं. उसाचं पान हलत नव्हतं. आपण उगाच निघालो की काय, असं मनात येत होतं, आणि तरी गाडीचा वेग कमी करवत नव्हता.

पोचले तर आबा शिडीवर. कांद्याच्या चाळीच्या पत्र्यावर दगड ठेवत होते. चाळ म्हणजे बांबूच्या फटीफटीच्या भिंतींची लांबोळी खोली, वर पत्रे. उन्हाळी कांदा तिच्यात भरला होता. खालून आमची चुलती, काकी, एकेक दगड त्यांच्या हातात देत होती. म्हणजे फोनवर काही म्हणाले तरी ते अगदीच स्वस्थ बसले नव्हते.

"आबा, दगड काढा ते," मी स्कूटर लावता लावताच ओरडले. "पत्रा उचलला की दगड आधी खाली येतील."

"आन् दगडाबिगर पत्रा ऱ्हाईल व्हय?"

"तारेनं बांधू. वाशाला."

"आमच्या बापानं दगडच ठिवलं, त्याच्या बापानं बी."

बरीच बाचाबाची झाली. शेवटी अर्ध्या चाळीवरचे दगड उतरवले आणि पत्रे तारेनं आवळून बांधले. मागच्या बाजूची पडवी, म्हणजे गाईचा गोठा, मात्र त्यांनी तशीच ठेवली. "तिकडनं वारं येतच न्हाई," म्हणाले. चाळीच्या बांबूच्या भिंतींवर आम्ही ताडपत्री गुंडाळली. अंधार पडायच्या आत तेवढं उरकलं.

काकीचं घर बांधाच्या पलीकडे, स्लॅबचं. तिची तयारी वेगळीच. तिच्या मोबाइलवर कुणी कुणी व्हिडिओ पाठवले होते. इमारतीएवढ्या लाटा, वाहून चाललेल्या मोटारी, कुठल्या देशातल्या कोण जाणे. ते बघून तिनं घरातली सगळी भांडी पाण्यानं भरली होती. हंडे, कळशा, कुकर, मुलांची जुनी अंघोळीची बादली. दळण आणलं होतं, मेणबत्त्या आणल्या होत्या. "नदीला लाट येती का गं?" तिनं मला हळूच विचारलं. आबा हसले. मी लाटेचं नाही म्हणून सांगितलं, पण वाऱ्याचं तिला पटवता आलं नाही. तिच्या मनात फक्त पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून भुरभुर पाऊस आणि थंडगार वारा. उन्हाळ्याच्या शेवटी इतकं गार कधी नसतं. आबा टीव्हीसमोर बसले होते आणि मी आत-बाहेर करत होते. ओट्यावर जायचं, आभाळ बघायचं, परत आत. दुपारी टीव्हीवर मोठ्या अक्षरात आलं की वादळ किनाऱ्याला धडकलं. झाडं पडलेली, पत्रे उडालेले, सगळं तिकडचं. मग निवेदक म्हणाला, आता वादळ नाशिकच्या दिशेनं जाईल आणि कमजोर होईल.

आबा उठले. "झालं. गेलं नाशिककडं."

"आबा, अजून आपल्याकडे यायचंय. जमिनीवर आलंय फक्त."

"रेघ बघ की. रेघ कुठं, आपण कुठं."

"रेघ म्हणजे वादळ नाही. मधला भाग आहे तो फक्त."

"आन् कांदा सडला तर?" ते माझ्याकडे वळून म्हणाले. "रातीपासनं कोंडलाय. घाम फुटला आसंल त्याला. हवा न्हाई लागली तर सगळा वास मारंल."

त्यांचंही खरं होतं. मी ताडपत्रीत हात घालून बघितला, आतून ऊब येत होती. थांबा म्हणावं, तर किती वेळ थांबायचं ते मला ठाऊक नव्हतं. सोडा म्हणावं, तर जीव होत नव्हता. मी मोबाइल काढला, पण रेंज जात-येत होती. मी नकाशा उघडत बसले आणि आबा ताडपत्रीची दोरी सोडायला गेले.

आधी आवाज आला. पश्चिमेकडून, उसाच्या फडातून, ट्रॅक्टरची ट्रॉली भरधाव यावी तसा. मग ऊस एका बाजूला झोपला. मी ओट्यावर होते. मला माझाच पदर दिसेना, तो तोंडावर येऊन चिकटला होता. "आबा!" मी ओरडले, पण आवाज माझ्या तोंडाजवळच फाटून गेला.

आबा गाईकडे धावले होते. गाय चाळीच्या मागच्या अंगाला, पडवीत बांधलेली. मी वाकून, भिंतीला धरून तिकडे निघाले. सुटलेली ताडपत्री अंगावर आपटत होती. पडवीचा पत्रा एका बाजूनं उचलायचा आणि खाली आदळायचा, उचलायचा आणि आदळायचा. आबांनी दावं सोडलं, गाईला बाहेर ढकललं, आणि तेवढ्यात पत्रा पुरताच निघाला. त्याच्यावरचे दगड गडगडत खाली आले. एक त्यांच्या खांद्यावर बसला. ते गुडघ्यावर बसले, ओरडले नाहीत, नुसते बसले.

मी त्यांच्या दुसऱ्या बगलेत हात घातला. काकी दारातून हात करत होती. बांध केवढासा, पण त्या दिवशी तो संपता संपेना. पाऊस तोंडावर खड्यासारखा लागत होता. आत गेल्यावर काकीनं दार लावलं, मागे पाटा सरकवला आणि आम्ही तिघं भिंतीला टेकून बसलो. गाय कुठं गेली कुणालाच माहीत नव्हतं. आबा सारखं तेच विचारत होते.

वारा ओसरल्यावर बाहेर आलो तर चाळीच्या बांधलेल्या अर्ध्या भागाचे पत्रे जागेवर होते, दोन-चार वाकलेले. उरलेले शेतात पसरले होते. बाभळी रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या. आबांना शिरूरला न्यायचं तर गाडी बाहेर निघेना. गावातल्या माणसांनी कुऱ्हाडी घेऊन वाट मोकळी करेपर्यंत संध्याकाळ झाली. गळपट्टीचं हाड मोडलं होतं. डॉक्टर पट्टा बांधत असताना आबांनी विचारलं, "गाय सापडली का?" सापडली होती. शेजारच्या उसात उभी होती, तिला काही झालं नव्हतं.

मी त्यांच्याजवळ राहिले. गावात बरेच दिवस वीज नव्हती. मोटार चालत नाही म्हणजे पाणी नाही. आजूबाजूच्या बाया काकीकडे कळशी घेऊन यायच्या आणि ती कुकरातून, बादलीतून पाणी द्यायची. तिच्या चेहऱ्यावर थोडा तोरा असायचा. "मी म्हणलं व्हतं ना पाणी येनार," ती म्हणायची. तिला अजूनही वाटत होतं की लाट येता येता राहिली.

भेटायला येणाऱ्यांना आबा एक हात गळ्यात अडकवून सांगायचे, "वादळ न्हाई आलं. वादळ नाशिककडं गेलं. आपल्याकडं नुसतं वारं व्हतं." मी पहिल्यांदा त्यांना अडवलं, नंतर सोडून दिलं. रात्री ते झोपेत कण्हायचे तेव्हा मला राग यायचा. कुणाचा ते सांगता येत नव्हतं. त्यांचा, टीव्हीचा, की त्या रेघेचा? दौंडला परतल्यावरही कितीतरी दिवस वाऱ्यानं खिडकी वाजली की मी उठून बसायचे.

पुढच्या एका उन्हाळ्यात पुन्हा तसाच इशारा आला. मी लगेच फोन केला. सगळं नीट सांगितलं. पट्टा कुठपर्यंत आहे, वारा किती लांबून लागतो, किनाऱ्याला लागल्यावर आपल्याकडे यायला किती वेळ जातो. आणि शेवटी, येईलच असं नाही, हेही सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं. व्हय म्हणाले नाहीत, न्हाईही म्हणाले नाहीत. मला वाटलं, गेलं वाया.

संध्याकाळी काकीचा फोन आला. आबा गाय घेऊन, अंथरूण काखोटीला मारून तिच्याकडे राहायला आले होते. चाळीचा प्रत्येक पत्रा तारेनं बांधला होता. येणारे-जाणारे हसत होते. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

ते वादळ समुद्रातच वळलं. गावात पानही हललं नाही. सकाळी फोन हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिले. आबा काय बोलतील ते मला पाठ होतं. शेवटी लावला.

"न्हाई आलं," ते म्हणाले.

"नाही आलं," मी म्हणाले. "वळलं."

"वळू दे." मागून काकीच्या भांड्यांचा आवाज येत होता. "तुझी काकी च्या लई ग्वाड करती गं. अजून एक दिस ऱ्हातो म्हणतो."