रेकॉर्डिंग चालू असताना बोलायचं नाही

भुतंखेतं, करणी, अंगात येणं... या सगळ्याची मी आयुष्यभर टिंगल करत आले. शिरूरला आमच्या आळीत कुणाला काही ‘दिसलं’ की पहिली हसणारी मीच. आता तुम्ही मला हसा, पण वाचा.

माझ्या दादाला रॉकचं वेड होतं. अख्ख्या शिरूरमध्ये बहुधा त्या एकट्यालाच! पुण्यात कॉन्सर्ट असली की मोटरसायकल काढायचा, कॉलरमागे बारका माईक लपवायचा आणि गर्दीत उभं राहून सगळा शो कॅसेटवर उतरवायचा. त्याच्यासारखेच वेडे गावोगावी होते, पोस्टाने एकमेकांना कॉप्या पाठवायचे. दादाचे नियम कडक. कॅसेट भरली की तिथल्या तिथे तिच्या पाठीवरचे प्लास्टिकचे कान मोडायचे, म्हणजे चुकूनसुद्धा तिच्यावर दुसरं काही टेप होत नाही. आणि रेकॉर्डिंग चालू असताना बोलायचं नाही... खोकायचंसुद्धा नाही.

आई म्हणायची, “पत्र्यावर गारा पडल्यावानी वाजतंय, आन् ह्यो जपतोय सोन्यावानी!”

माझं सासर दौंडचं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एकदा कॉन्सर्ट आटोपून तो पुण्याहून माझ्याकडे यायला निघाला आणि भांडगावजवळ गाडी घसरली. दादा गेला. खिशातली कॅसेट मात्र शाबूत राहिली, कान मोडलेली.

त्या दिवशी घाईघाईत तो घरून न जेवताच निघाला होता. आईच्या मनाने तेवढंच धरलं. “उपाशी गेलं माझं लेकरू,” म्हणायची आणि ताटावरून उठायची. वर्षानुवर्षं हेच. वाळून काटकी झाली होती.

पुढे आमच्या यांनी दौंडला कॉम्प्युटर क्लास काढला. कॅसेटींना बुरशी धरायला लागली होती, म्हणून त्या सीडीवर घ्यायचं ठरलं. आईही शिरूरहून आली. तिला फक्त दादाचा आवाज ऐकायचा होता. दुसरीकडे कुठेच तो टेप झालेला नव्हता.

“कुठंतरी बोलला आसंल की गं,” ती म्हणायची.

मला नियम माहीत होता, पण तिला सांगायला जीभ रेटेना. पेटीभर कॅसेटी ऐकल्या. जगभराची माणसं ओरडत होती, आमचा दादा तेवढा गप्प.

शेवटची, त्याच्या खिशात सापडलेली कॅसेट लावली ती भर दुपारी. टेपमधून एक वायर कॉम्प्युटरला गेलेली, माईक कुठेच नाही. एक गाणं संपलं, गर्दी निवली, आणि आई एकदम स्पीकरकडे वाकून म्हणाली, “बाळ्या, जेवलास का रं?”

“व्हय आई. जेवलोय पोटभर.”

दादाच! अगदी माईकजवळून, हळू आवाजात. आमचे हे ताडकन उठले. तिघांनीही ऐकलं होतं. आईने पदराने तोंड पुसलं आणि मला म्हणाली, “जेवलाय त्यो. वाढ गं मलाबी.”

त्या दुपारी ती दोन भाकरी जेवली. मी वाढता वाढता रडत होते.

नंतर आम्ही कॅसेट मागे घेऊन पुन्हा लावली. दादाचा आवाज नव्हता. पण गर्दी निवते तिथे, लांबून, माणसांच्या मागून कुणीतरी विचारतं... “बाळ्या, जेवलास का रं?” आईचा आवाज! कान मोडलेल्या कॅसेटवर. आणि आई तर आयुष्यात कधी कॉन्सर्टला गेलेली नव्हती.

“काहीतरी टेक्निकल असणार,” हे म्हणतात.

आता आईसुद्धा नाही. कॅसेट मी अधूनमधून लावते. आई विचारते, मग जरा शांतता, मग गिटार. त्या शांततेत मी दर वेळी श्वास रोखून बसते. दादा काही बोलत नाही.

मग मीच म्हणते, “व्हय आई, जेवलाय तो.”