दादाचं प्रमाणपत्र, माझं पत्र

दादाला नववीतून काढलं ते बाबांनीच. आमच्या पावाच्या भट्टीवरचा माणूस काम सोडून गेला होता आणि दुसरा मिळत नव्हता. बाबा पिठाच्या हातांनीच शाळेत गेले, वर्गाच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चल, दप्तर उचल." वार्षिक परीक्षेला पाच आठवडे उरले होते. मास्तर म्हणाले, "एवढी परीक्षा तरी देऊ द्या त्याला."

"पाव काय परीक्षेसाठी थांबणार आहेत?" बाबा म्हणाले. अख्खा वर्ग खो खो हसला. दादा पुढे मला कितीदा तरी सांगायचा, बाबांच्या बोलण्याचं काही नाही वाटलं, पण ते हसणं डोक्यातून जात नाही.

मला तर चौथीतच घरी बसवलेलं. आई गेली आणि तिचे ट्रे माझ्याकडे आले. मी ट्रेला तेल लावायचे, गोळे मांडायचे, पाव मोजून टोपल्यांत भरायचे. भट्टीच्या तोंडाशी मात्र दादा.

चार वर्षं तो तिथे उभा राहिला. मग एक दिवस पाव पोचवून आला तो सैन्यभरतीचा कागद खिशात घालूनच. त्यात लिहिलं होतं, 'शालेय शिक्षण पूर्ण किंवा समकक्ष.' त्यातल्या 'किंवा'वर बोट ठेवून मला म्हणाला, "हा 'किंवा' माझ्यासाठी घातलाय बघ."

शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी समकक्षतेची परीक्षा असते. चार विषय, घरी अभ्यास करून बसायचं. दुपारी भट्टी निवत असे आणि बाबा आडवे होत, तेवढ्या वेळात दादा मैद्याच्या पोत्यांवर बसून वाचायचा. मलाही समोर बसवायचा. "तुला शिकवलं की माझं पक्कं होतं," म्हणायचा. माझं अक्षर त्यानेच वळवलं. शुद्धलेखन तर इतकं घोटून घेतलं, की एका वेलांटीसाठी पान पुन्हा लिहायला लावायचा. गणित मात्र त्याच्या डोक्यात शिरत नसे. तोंडी हिशेब चोख. कागदावर अपूर्णांक आला की घाम फुटे.

पास झाला. गणितात चाळीस लागायचे, एकेचाळीस मिळाले. प्रमाणपत्र घेऊन भरतीच्या कार्यालयात गेला. तिथल्या कारकुनाने ते उलटसुलट करून पाहिलं आणि वेगळ्या गठ्ठ्यात टाकलं.

"शाळेचा दाखला असता तर आजच नाव घेतलं असतं. समकक्षवाल्यांना शंभरात पाच जागा. ये पुढच्या महिन्यात."

असे अकरा महिने तो जात राहिला. दर वेळी परत आला की बाबा ट्रेवरून नजर न काढता म्हणायचे, "सरकारलाही कळतं, कोण कच्चं राहिलंय ते." बाराव्या महिन्यात बोलावणं आलं. निघाला त्या दिवशी बाबांच्या पाया पडायला वाकला. ते म्हणाले, "दार ओढून घे, वारा लागतोय पिठाला."

तिकडे त्याचं नावच 'समकक्ष' पडलं. हवालदार कवायतीच्या मैदानावर सगळ्यांसमोर म्हणायचा, "समकक्ष, बंदूक खरी आहे हं, जपून!" जेवणाच्या रांगेत पोरं त्याच्या ताटात अर्धीच पोळी टाकायची, "तुला अर्धी म्हणजे एकीच्या समकक्ष." तो हे सगळं मला पत्रातून कळवायचा, पण रडगाणं नसायचं त्यात. नेमबाजीत तुकडीत दुसरा आला होता. लिहिलं होतं, 'इथे कोणी माझं दप्तर उचलायला येणार नाही.'

आणि इथे भट्टीच्या तोंडाशी बाबांनी मला उभं केलं.

पाव भट्टीत सारायच्या फळीचा दांडा माझ्या उंचीपेक्षा लांब होता. पहिल्याच आठवड्यात उजवा हात कोपरापर्यंत पोळला. बाबांनी त्यावर पीठ चोळलं आणि म्हणाले, "सवय होईल." झाली नाही. जुन्या फोडांवर नवे येत गेले. पाव करपले की बाबा तो गरम ट्रे माझ्या पायाशी आपटायचे. सहा महिने झाले. मग एका दुपारी त्यांनी कागद-पेन माझ्यापुढे टाकलं. त्यांना लिहिता येत नव्हतं.

"लिही सैन्याच्या साहेबाला. म्हणावं, आपल्या पोराच्या नावावर दुसऱ्याच कोणी परीक्षा दिलीय. खाली नाव घालू नको."

"बाबा, हे खोटं आहे."

"तो आला की तू भट्टीवरून सुटलीस. नाही आला तर जन्मभर आहेसच."

मी हाताकडे पाहिलं आणि लिहिलं. बाबांनी दोन वाक्यं सांगितली. तिसरं मी माझ्या मनाने घातलं. 'खात्री करायची असल्यास त्याला गणिताची प्रश्नपत्रिका द्यावी.'

हे कोणी माझ्याकडून लिहवून घेतलं नव्हतं. मला सुटायचं होतं, आणि तो नक्की कुठे अडेल ते जगात मला एकटीलाच माहीत होतं.

पुढचं मला नंतर त्याच्या तुकडीतल्या एका मित्राकडून कळलं. साहेबाने दादाला बोलावून पत्र पुढे ठेवलं. "हे अक्षर ओळखतोस?" दादा म्हणाला, "नाही साहेब." साहेब वाईट नव्हता. म्हणाला, "शाळेच्या दाखल्यावर असं निनावी पत्र आलं असतं तर मी टोपलीत टाकलं असतं. समकक्षतेचं आहे, म्हणून तपासावं लागतं." आणि तपासलं ते कधी, तर दोन दिवसांच्या सरावावरून तुकडी परतली त्या सकाळी. बुटांचा चिखलही न काढता त्याला टेबलाशी बसवलं. तीन विषयांत आधीपेक्षा जास्त गुण. गणितात अडतीस.

आठ दिवसांत तो घरी आला. केस बारीक कापलेले, खांदे रुंद झालेले. बाबा म्हणाले, "हात धू आणि ये." एवढंच.

दादाने हात धुतले, माझ्या हातातली फळी घेतली. माझ्या हातांवरचे डाग त्याला दिसले. मग बाबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "एकही चूक नव्हती. वेलांट्यासुद्धा बरोबर." मी रडायला लागले, तर म्हणाला, "पहिली दोन वाक्यं बाबांची. तिसरं तुझं, ना?"

मी मान डोलावली. त्यानंतर कामापुरतंच बोलणं राहिलं. मीठ संपलं. ट्रे दे. बाजूला हो.

बाबा आठ वर्षांनी गेले. भट्टी दादाची झाली. मला वाटलं, आता तरी. मी समकक्षतेच्या परीक्षेचा अर्ज आणला, भरला, आणि धीर करून त्याच्यापुढे ठेवला. मी सव्वीस वर्षांची होते. त्याने तो नीट वाचला. एका ठिकाणी ऱ्हस्वाचा दीर्घ झाला होता, तेवढा पेनाने सुधारला. मग परत दिला.

"बस ना परीक्षेला. तू पास झालीस की मीही एक पत्र लिहीन."

आवाज चढवला नाही. बाबा ओरडायचे तरी. मी अर्ज भट्टीत टाकला. तो बघत होता. त्याने मला अडवलं नाही.

आता त्याची चाळिशी उलटली आहे. लग्न त्याने केलं नाही, माझं होऊ दिलं नाही. गिऱ्हाइकांशी मात्र गोड बोलतो. त्यांना वाटतं, असं भावंडांचं प्रेम बघायला मिळत नाही. परवा एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने पाव घेता घेता विचारलं, "तुम्ही सैन्यात होतात म्हणे?"

"मी नाही," दादा म्हणाला, "आमच्यातला एक होता. घरच्यांनीच घालवला."

म्हातारा हळहळला. मी पाव मोजत होते. दादा म्हणाला, "बारा दे त्यांना, मोजायला काय एवढा वेळ लागतो?"